15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि कोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी आणि ऑगस्ट उजाडला की वाचनालयाच्या फोनवर तेच ते प्रश्न येतात. काही शाळेतल्या मुलांचे, बरेचसे सरपंचांचे आणि गाववाल्या चाकरमान्यांचे. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून ठेवलं आहे. तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग दुसऱ्या उत्तरात असेल, तर तिथे क्रमांक दिलेला आहे.

1. दोन्ही दिवशी झेंडाच लावतो, जिलेबीच खातो. मग 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीत फरक काय?

15 ऑगस्ट 1947 ला इंग्रज गेले, पण देश त्या दिवशी प्रजासत्ताक झाला नाही. पुढची जवळजवळ अडीच वर्षं भारत हे ब्रिटिश राजाला मानणारं, तरी स्वतःचा कारभार स्वतः करणारं राज्य होतं. राजा होता सहावा जॉर्ज आणि त्याच्या वतीने दिल्लीत गव्हर्नर जनरल बसायचे, आधी माउंटबॅटन आणि जून 1948 पासून राजगोपालाचारी. कारभार इंग्रजांनी केलेल्या 1935 च्याच कायद्याची डागडुजी करून चालला होता. 26 जानेवारी 1950 ला आपली राज्यघटना लागू झाली, राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि राजाचा संबंध संपला.

शाळेतल्या भाषणात एवढं सांगितलं तरी पुरे. "या दिवशी आपला देश स्वतंत्र झाला" हे वाक्य दरवर्षी 26 जानेवारीला कुठल्या ना कुठल्या वाडीतल्या लाउडस्पीकरवरून ऐकू येतंच.

2. घटना तर नोव्हेंबरात तयार झाली होती. मग दोन महिने कशाला थांबले?

घटना समितीने 26 नोव्हेंबर 1949 ला घटना स्वीकारली. थांबण्याचं कारण वीस वर्षं जुनं होतं. डिसेंबर 1929 मध्ये लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि 26 जानेवारी 1930 हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. पुढे 1947 पर्यंत तो दर वर्षी पाळत. प्रत्यक्ष स्वातंत्र्य ऑगस्टात आलं आणि जानेवारीची तारीख मोकळी राहिली. तिचा मान राहावा म्हणून घटना त्या दिवशी लागू केली.

स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक खोच आहे. सगळी घटना 26 जानेवारीला लागू झाली, हे तंतोतंत खरं नाही. नागरिकत्व, निवडणूक आयोग आणि अशी काही मोजकी कलमं 26 नोव्हेंबरलाच अंमलात आली होती. कलम 394 मध्ये त्यांची यादीच आहे.

3. टिळक रत्नागिरीचे. त्यांनी मागितलेलं स्वराज्य हेच होतं का?

टिळकांचा जन्म 1856 चा, रत्नागिरीतला. 1916 साली त्यांनी बेळगावात होमरूल लीग काढली, तेव्हाची मागणी होती साम्राज्यात राहून आपला कारभार आपल्या हाती घेण्याची. पूर्ण तोडून घेण्याची मागणी काँग्रेसने अधिकृतपणे केली ती 1929 ला, म्हणजे टिळक गेल्यावर नऊ वर्षांनी. त्यावरून कोणी टिळकांना मवाळ ठरवायला निघालं, तर मंडालेचा तुरुंगवास आठवावा. 1916 साली एवढं मागणंसुद्धा सरकारला राजद्रोह वाटत होतं.

मधली पायरी बरेच जण विसरतात. 1935 च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली, 1937 ला निवडणुका झाल्या आणि जुलैत मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. त्याचे प्रमुख बाळासाहेब खेर, तेही जन्माने रत्नागिरीचेच. मतदानाचा हक्क तेव्हा मालमत्ता, कर, शिक्षण असं बघून मिळायचा. खंडाने शेती करणाऱ्या कुळांतल्या बहुतेकांचं नाव त्या यादीत नसायचंच. महायुद्धात देशाला न विचारता ओढलं म्हणून 1939 च्या अखेरीस या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. 1946 ला खेर पुन्हा आले आणि 15 ऑगस्ट 1947 ला मुंबई प्रांताचे प्रमुख तेच होते.

4. 1930 साली कोकणात नेमकं काय घडलं? मुलाला प्रकल्पासाठी हवं आहे.

दोन ठिकाणं नक्की घाला. पहिलं शिरोडा, वेंगुर्ले तालुका. गांधीजींनी एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं आणि मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. महाराष्ट्रभरातून स्वयंसेवक तिथे आले होते. दांडीला किनाऱ्यावरचं मीठ वेचलं, इथे चालू मिठागरांत शिरायचं होतं, आणि त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगही भोगला.

दुसरं चिरनेर, उरण तालुका. 25 सप्टेंबर 1930 ला आजूबाजूच्या गावांतले आगरी, आदिवासी आणि इतर शेतकरी अक्कादेवीच्या डोंगरात जंगल कायदा मोडायला गेले. कोयत्याने झाडाची फांदी तोडायची, एवढाच तो कायदेभंग. जळणाला, वाडग्याच्या कुंपणाला लागणारं लाकूड सरकारला विचारून घ्यायचं हे डोंगराकाठच्या माणसाला सोसणारं नव्हतं. पोलिसांनी गोळीबार केला, गावकरी मारले गेले. दर वर्षी त्या तारखेला चिरनेरला हुतात्म्यांना मानवंदना देतात.

प्रकल्पात दांडीचं चित्र सगळेच चिकटवतात. तुमच्या मुलाने चिरनेरचं चिकटवलं तर निदान शिक्षक ते थांबून बघतील.

5. आमचं गाव संस्थानात होतं म्हणे. मग आम्हाला 15 ऑगस्ट लागू होता का?

कोकण एकसंध इंग्रजी मुलूख नव्हता. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हे सिद्दीच्या जंजिरा संस्थानात. सावंतवाडीकडचा भाग भोसल्यांकडे. पालीच्या बाजूचा सुधागड भोरच्या पंतसचिवांकडे. उत्तरेला जव्हार वेगळं. इंग्रजांचं सार्वभौमत्व 15 ऑगस्टला संपलं, पण संस्थानी प्रजेच्या डोक्यावर राजा किंवा नवाब कायम होता. ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली ती 1948 मध्ये. जंजिऱ्यात ते सहजासहजी झालं नाही. तिथल्या प्रजेने चळवळ केली आणि नवाबाला नमावं लागलं.

म्हणजे तुमचं गाव श्रीवर्धनजवळ असेल, तर पणजोबांच्या हयातीत आधी इंग्रज गेले, मग नवाब आणि मग राजा जॉर्ज. 26 जानेवारी 1950 आला तेव्हा मात्र जुन्या खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अंमलातल्या, आणि संस्थानी गावांना एकच घटना लागू झाली. शाळेतल्या फलकावर गावाचा इतिहास लिहिणार असाल तर 1948 वगळू नका.

6. माझो मामा पेडण्याक रवता. तेच्या आजयेक 1947 चो 15 ऑगस्ट म्हायतच नाय, असा तो म्हणता. खरां काय?

खरं आहे. पेडणे गोव्यात आणि गोवा पोर्तुगीजांकडे. तिथला मुक्तीचा दिवस 19 डिसेंबर 1961, भारतीय सैन्याच्या कारवाईनंतरचा. 1962 मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण, दीव केंद्रशासित झाले आणि 30 मे 1987 ला गोवा राज्य झालं. म्हणून गोव्यात 19 डिसेंबरलाही झेंडा लागतो.

आपल्याकडचा 15 ऑगस्ट गोव्यात पोचला नव्हता असं मात्र नाही. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले आणि तिरंगा लावला. पोर्तुगीजांनी त्यांना पकडलं. हा किल्ला नदीच्या अलीकडे, आपल्या रेडीच्या बाजूला असून गोव्याच्या हद्दीत आहे. पुढच्या वर्षी त्याच तारखेला देशभरातून आलेले सत्याग्रही ठिकठिकाणांहून हद्द ओलांडून गेले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसच्या वर माणसं मेली. सावंतवाडी, बांदा, रेडीकडच्या म्हाताऱ्या माणसांना 1955 विचारून बघा.

7. घटनेशी कोकणाचा काही संबंध आहे का, की सगळं दिल्लीतच झालं?

डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. जन्म महूचा, घराणं इथलं. आणि महाडचं चवदार तळं रायगड जिल्ह्यात आहे. मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाड नगरपालिकेनेही तो मानला होता, तरी पाण्याला हात लावायची सोय नव्हती. 20 मार्च 1927 ला आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यावर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, डिसेंबरात त्यांनी महाडलाच मनुस्मृती जाळली आणि तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला 1937 उजाडलं.

ठराव कागदावर आहे आणि तळ्यावर जाता येत नाही, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो माणूस पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. घटनेच्या कलम 15 मध्ये विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. मला तरी ते कलम महाडच्या आठवणीशिवाय वाचता येत नाही.

8. पत्रिकेवर कितवा प्रजासत्ताक दिन छापायचा? दर वर्षी भांडण होतं.

सालातून 1949 वजा करा. 2026 चा प्रजासत्ताक दिन 77 वा. स्वातंत्र्यदिनासाठी 1946 वजा करा, 15 ऑगस्ट 2026 हा 80 वा. "वर्षं पूर्ण झाली" असं छापायचं असेल तर आकड्यातून एक कमी. पहिला दिवस 1950 आणि 1947 चा मोजला जातो, भांडण त्यावरूनच होतं.

9. टीव्हीवर 15 ऑगस्टला झेंडा खालून वर जातो आणि 26 जानेवारीला वरच उघडतो. आपण गावात कसं करायचं?

दिल्लीतली पद्धत तुम्ही बरोबर हेरली आहे. लाल किल्ल्यावर 15 ऑगस्टला पंतप्रधान झेंडा वर चढवतात, कर्तव्यपथावर 26 जानेवारीला राष्ट्रपती वरच बांधलेला झेंडा दोरी ओढून उघडतात. राज्यात 15 ऑगस्टला मुख्यमंत्री आणि 26 जानेवारीला राज्यपाल. ग्रामपंचायतीत आणि शाळेत दोन्ही दिवशी बहुधा गाठ मारून वर नेलेला झेंडाच उघडतात आणि त्यात कोणाचं बिघडत नाही. आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही. खांबाच्या टोकाला झेंडूची माळ किंवा आंब्याचे टाळे मात्र बांधायचे नाहीत.

गाठीची तालीम आदल्या संध्याकाळी करा. सगळं गाव सावधानमध्ये उभं आणि दोरी अडकलेली, हा प्रसंग बहुतेक गावांच्या वाट्याला आलेला आहे. केशरी पट्टा वर आहे ना, तेही तेव्हाच बघून घ्या.

10. सरपंच बाई आहेत. झेंडा त्यांचे यजमान लावतात. चालतं का?

नाही. ग्रामपंचायतीचा झेंडा सरपंचांच्या हातून लागतो. त्या नसतील तर उपसरपंच, आणि प्रशासक नेमलेला असेल तर प्रशासक. यजमानांना त्या जागी कसलाही अधिकार नाही. "त्या बोलायला लाजतात" हे कारण आम्ही ऐकलेलं आहे. दोरी ओढायला भाषण लागत नाही. सरपंच मागास समाजातल्या आहेत म्हणून कोणी मोडता घालत असेल तर प्रकरण अधिक गंभीर आहे, गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोलिसांतही.

शाळेत मुख्याध्यापक, व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा गावातला एखादा मानाचा माणूस, असं आपसांत ठरवतात. जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला, सहसा पालकमंत्री असतात.

11. 15 ऑगस्टला आमच्याकडे मुसळधार असतो. पाऊस थांबेपर्यंत थांबायचं का?

थांबायची गरज नाही. हवा कशीही असली तरी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत झेंडा राहू शकतो, असं संहितेतच आहे. अडचण येते ती व्यवहारात. खादी भिजली की जड होऊन काठीला चिकटते आणि झेंडा उघडतच नाही. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर केलेला झेंडाही चालतो, तो पावसात हलका राहतो. खादीचा हट्ट असेल तर 26 जानेवारीला पुरवा, तेव्हा कोरडा वारा असतो.

भिजलेला झेंडा पडवीत लुगड्याशेजारी वाळत घालू नका. घरात पसरून वाळवा आणि मग घडी करा. वादळी वाऱ्याने कड उसवली असेल तर तो पुन्हा लावायचा नाही (प्रश्न 15).

12. घरी लावायचा आहे. खळ्यात खांब नाही, माडाला बांधला तर?

घरी झेंडा लावायचा हक्क प्रत्येकाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली तो अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात मोडतो असं म्हटलं. माडाला बांधू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण झेंडा मानाच्या जागी, नीट दिसेल असा असावा आणि झावळ्यांत अडकून फाटू नये, एवढं सांभाळायचं तर माड बाद होतो. नारळ पडायचा तो वेगळाच. पुढच्या दाराशी बांबूची सरळ काठी पुरा. लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2, चक्राला 24 आरे. उभा टांगणार असाल तर समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे केशरी.

जुलै 2022 पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो. ठेवता येतो म्हणून गणपतीपर्यंत विसरायचा नाही.

13. वाडीच्या देवळाजवळ भगवा आहे. त्याच खांबाला तिरंगा लावला तर?

एका खांबावर दोन झेंडे नाहीत. दुसरा कोणताही झेंडा तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीला नको. वेगळा खांब उभारा, तो उंच असू द्या. भगवा काढून ठेवायची गरज नाही. देवळाच्या मानकऱ्यांशी आदल्या दिवशी बोलून घ्या, वाद तिथेच मिटतो.

14. होडीवर झेंडा चालतो का? आणि किल्ल्यात जाऊन लावायचा असेल तर?

होडीच्या टपावर, बाजूंना किंवा मागे तिरंगा पांघरायचा नाही, गाडीलाही तोच नियम. नारळी पौर्णिमेला बोटींना रंगीत पताका लावता तशा या कापडाच्या पताका करायच्या नाहीत. जेटीवर खांब उभारून सगळ्या खलाशांनी मिळून लावणं उत्तम. मासेमारीची बंदी 31 जुलैला संपलेली असते, त्यामुळे 15 ऑगस्टला निम्मी माणसं समुद्रात असू शकतात. वेळ त्यांना विचारून ठरवा.

जंजिरा आणि सिंधुदुर्ग किल्ल्यांच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणजे 15 ऑगस्ट बाद. 26 जानेवारीला जाता येईल, पण हे संरक्षित किल्ले आहेत, कार्यक्रम करायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या. विजयदुर्गला जमिनीवरून जाता येतं, परवानगी तिथेही लागते.

15. फाटलेल्या झेंड्याचं काय करायचं? आणि मुलांनी टाकलेल्या कागदी झेंड्यांचं?

खाजगीत, मान राखून, संपूर्ण नष्ट करायचा, शक्यतो जाळून. पुसणं करायचं नाही, समुद्रातही सोडायचा नाही. झेंडा पाण्याला लागू नये असा नियम असताना विसर्जनाची कल्पना लोकांना कुठून सुचते कळत नाही. कागदी झेंडे कार्यक्रम संपताच गोळा करून तसेच नष्ट करा. प्लास्टिकचे विकायला आणूच नका, 1 जुलै 2022 पासून त्यांच्यावर बंदी आहे. जाणूनबुजून अपमान केल्यास 1971 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

16. सकाळीच वाडीत मयत झाली. झेंडा लावायचा का? अर्ध्यावर ठेवायचा का?

लावायचा, आणि पूर्ण वर. मोठ्या नेत्याचा दुखवटा चालू असला तरी 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला झेंडा अर्ध्यावर आणत नाहीत. फक्त ज्या इमारतीत पार्थिव असेल तिथे, ते हलवेपर्यंत, अपवाद आहे. गावातल्या मयतीसाठी झेंडा खाली आणायची तरतूदच नाही. लाउडस्पीकर आणि खाऊ बंद ठेवा, राष्ट्रगीत म्हणा आणि मंडळींना मोकळं करा. गावाला हे सांगावं लागत नाही.

17. झेंडा झाला की ग्रामसभा असते म्हणतात. आमच्याकडे कोणी थांबत नाही. ती झालीच पाहिजे का?

झालीच पाहिजे, आणि आमच्या मते त्या दिवसाचा खरा कार्यक्रम तोच. महाराष्ट्रात ग्रामसभा सहसा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला लागतात. आधी नोटीस आणि दवंडी हवी, महिलांची सभा त्यापूर्वी घ्यायची असते. सबळ कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आहे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतला जो आकडा कमी असेल ती. आठशे मतदारांच्या गावात 100 लागतात, चारशेच्या गावात 60. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. खरी मेख इथे आहे. पहिल्या सभेला लोक जिलेबी घेऊन घरी जातात आणि पुढच्या सभेत दहा-बारा माणसं नळपाणी योजना, घरकुलाची यादी आणि खडीच्या खाणीचा ना-हरकत ठराव उरकतात. नंतर खाणीचे डंपर दारावरून जायला लागले की आम्हाला फोन येतो. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेता येत नाही, हे लक्षात ठेवा आणि नोटीस फलकाचा फोटो काढून ठेवा. इतिवृत्ताची प्रत ग्रामसेवकांकडे मागता येते. त्यांच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी आहे, प्रत देण्याचं काम तेच.

18. मी मुंबईत असतो, पण घर, बाग, सातबारा गावचा. ग्रामसभेत मला मत आहे का?

गावच्या मतदार यादीत नाव असेल तर आहे. सातबारा कितीही मोठा असला तरी त्यावर मत मिळत नाही. नाव मुंबईच्या यादीत असेल तर सभेला बसता येतं, अध्यक्षांनी परवानगी दिली तर बोलता येतं, ठरावाला हात वर करता येत नाही. दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा आहे; मतदार नोंदणीच्या अर्जात खोटी माहिती दिली तर वर्षभरापर्यंत शिक्षा होऊ शकते. शिमग्याला मत गावात आणि लोकसभेला मुंबईत, अशी सोय कायद्यात नाही.

19. त्या दिवशी बँक, दुकानं, एसटी चालू असते का? दारूचं काय?

बँका आणि सरकारी कार्यालयं बंद, एसटी चालू. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांत आणि हॉटेलांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या भरपगारी सुट्ट्या आहेत. किराणा, चहाची टपरी मालकाच्या मर्जीवर. महाराष्ट्रात 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ड्राय डे. तारकर्लीला येणाऱ्या पाहुण्यांना खोलीचं बुकिंग घेतानाच हे सांगून ठेवा, म्हणजे संध्याकाळी वाद होत नाहीत.